पांढरा दोरा, काळा दोरा

सहरी कधी संपते, याचे उत्तर आज बहुतेक मुस्लिम घरांत भिंतीवरच टांगलेले असते. रमजानचे छापील वेळापत्रक, त्यात तारखेसमोर तास आणि मिनिटे. घड्याळ नव्हते तेव्हा मात्र आकाशच पाहावे लागे. कुरआनात ‘सूरह बकरा’च्या १८७व्या आयतीत रोजाचे नियम आले आहेत. रोजा कोणत्या क्षणी सुरू होतो, हे तिथे दोऱ्यांच्या भाषेत सांगितले आहे. पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा ओळखू येईपर्यंत खाण्यापिण्याची मुभा आहे, असा तो आशय.

एका माणसाने खरेच दोर आणले. त्यांचे नाव अदी इब्ने हातिम. उंटाला बांधायचे दोन दोर, एक पांढरा आणि एक काळा, त्यांनी रात्री उशाखाली ठेवले. रात्रभर अधूनमधून ते काढून पाहत राहिले. अंधारात दोन्ही सारखेच दिसत होते. सकाळी त्यांनी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना हा प्रकार सांगितला. तेव्हा त्यांना कळले की ते दोरे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. पहाटे क्षितिजावर उजेडाची जी बारीक रेघ उमटते, ती पांढरा दोरा. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही प्रमुख संग्रहांत ही हकिकत आहे.

अदी कोणी अडाणी गृहस्थ नव्हते. ते तय टोळीचे सरदार. ज्या हातिमताईच्या दानशूरपणाच्या गोष्टी मराठी वाचकाने लहानपणी वाचल्या असतील किंवा सिनेमात पाहिल्या असतील, त्या हातिमचे हे चिरंजीव. अरबी त्यांची मातृभाषा, आणि त्यांचे वडील स्वतः कवी. तरीही दोरा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे दोराच आला. अलंकार न कळणे हे अक्कल कमी असल्याचे लक्षण नव्हे, एवढे तरी यावरून मान्य करायला हरकत नाही. मन लावून, शब्दन् शब्द पाळायला निघालेला माणूसच कधीकधी असा अडकतो.

या हकिकतीतली खरी गंमत पुढे आहे. एका कथनानुसार पैगंबरांनी अदींना जे म्हटले त्याचा आशय असा, की मग तुमची उशी फारच लांबरुंद असली पाहिजे! रात्र आणि दिवस जिच्याखाली मावतात ती उशी केवढी असेल, असा अर्थ काही भाष्यकारांनी लावला. लांब उशी म्हणजे लांब झोप, असे इतर काहींनी म्हटले. म्हणजे अलंकार न कळलेल्या माणसाची समजूत काढली गेली तीही अलंकारानेच, आणि हसत-हसत. त्यांना कोणी पापी ठरवले नाही.

दुसरी एक आठवण याच्याही आधीच्या काळातली सांगतात. काही लोक पायाला पांढरा आणि काळा दोरा बांधून बसत आणि दोन्ही नीट दिसेपर्यंत खात राहत. मग त्या आयतीत ‘फज्रचा’, म्हणजे पहाटेचा, अशा अर्थाचे दोन छोटे शब्द उतरले आणि घोटाळा मिटला.

या दोन शब्दांनी नेमके काय केले? याचे उत्तर देणारा माणूस पाचशे वर्षांनी ख्वारज्म प्रांतात होऊन गेला. जमख्शरी हे त्याचे नाव, मृत्यू ११४४ सालचा. व्याकरण आणि अलंकार हा त्याचा प्रांत. ‘अल-कश्शाफ’ या आपल्या कुरआन-भाष्यात तो प्रश्न विचारतो: हे दोरे म्हणजे इस्तिआरा आहे की तश्बीह? हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपल्याला शाळेतल्या अलंकारांच्या तासाला थोडा वेळ परत जावे लागेल.

मराठीच्या व्याकरणात उपमेची चार अंगे शिकवतात. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांत सारखा असलेला साधारण धर्म, आणि ‘सारखा’, ‘जसा’, ‘जणू’ असा साम्य दाखवणारा शब्द. उर्दूच्या तासाला हीच चार अंगे वेगळ्या पोशाखात येतात. उपमेयाला मुशब्बा, उपमानाला मुशब्बा-बिही, साधारण धर्माला वज्ह-ए-शबह आणि साम्यवाचक शब्दाला हर्फ-ए-तश्बीह म्हणतात. एकाच महाविद्यालयात शेजारशेजारच्या वर्गांत मुले हेच पाठ करत असतात, आणि भिंतीपलीकडे काय चालले आहे याची दोन्हीकडे फारशी दखल नसते. ‘चंद्रासारखा चेहरा’ म्हटले की उजेड आणि शीतलता तेवढी घ्यायची, चंद्रावरचे खड्डे घ्यायचे नाहीत, हे मात्र दोन्ही वर्गांतल्या मुलांना न शिकवता कळते. साधारण धर्म तो हाच.

तश्बीह म्हणजे उपमा. इस्तिआरा या शब्दाचा मूळ अर्थ उसने घेणे. शूर माणसाला सिंहाचे नाव उसने द्यायचे आणि माणसाचा उल्लेखच गाळायचा, हा इस्तिआरा. अरबी अलंकारग्रंथांत याचे एक ठरलेले उदाहरण आहे: मी हमामखान्यात सिंह पाहिला. हमामखान्यात सिंह आंघोळीला येत नाही. म्हणजे इथे ‘सिंह’ माणूस आहे, हे ‘हमामखाना’ या शब्दानेच कळते. अशा वाट दाखवणाऱ्या खुणेला ‘करीना’ म्हणतात. इस्तिआरा म्हणजे रूपक, असे आपल्याकडे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच बरोबर आहे. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही हजर असतात, फक्त एकरूप झालेले. इस्तिआऱ्यात उपमेय दिसतच नाही. संस्कृत अलंकारशास्त्रात त्याच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे रूपकातिशयोक्ती.

आता जमख्शरीचे उत्तर. नुसता ‘पांढरा दोरा’ म्हटले तर तो इस्तिआरा, कारण पहाटेचे नावच नाही. ‘फज्रचा’ म्हटल्याबरोबर उपमेय समोर आले आणि इस्तिआऱ्याची तश्बीह झाली. मग तो स्वतःच शंका काढतो. इस्तिआरा हा तश्बीहपेक्षा वरच्या दर्जाचा अलंकार, मग कमी दर्जाचा का निवडला? कारण करीना नसेल तर इस्तिआरा कळत नाही. दोरे म्हणजे दोरेच, असे ऐकणारा समजून बसेल. इथे शोभेपेक्षा लोकांना नेमके कळणे महत्त्वाचे होते. सौंदर्य थोडे कमी झाले तरी चालेल, पण माणूस उपाशी कधीपासून राहायचे याबद्दल गोंधळात पडता कामा नये. अलंकार कुठे वापरावा आणि कुठे आवरावा, याचा इतका व्यावहारिक निकाल क्वचितच कोणी दिला असेल.

अलंकार म्हणजे कवितेतली नक्षी आणि परीक्षेतले दोन गुण, ही समजूत खरे तर आपल्याच बोलण्याने रोज खोटी ठरते. गल्लीत सकाळी कोणीतरी ओरडते, ‘नळ आला!’ नळ तर भिंतीतच असतो, येते ते पाणी. लोकलमध्ये ‘ठाणे आले का?’ असे विचारणाऱ्याला कोणी सांगत नाही की ठाणे जागचे हलत नाही, गाडी तिथे जाते. ‘सारा गाव गोळा झाला’ म्हणजे घरे आणि विहिरी चालत आल्या नाहीत. कुरआनातही सूरह यूसुफमध्ये भाऊ आपल्या वडिलांना सांगतात की खरे-खोटे त्या वस्तीलाच विचारा. वस्ती म्हणजे वस्तीतली माणसे. उर्दूत याला मजाज-ए-मुर्सल म्हणतात, मराठीत लक्षणा.

मम्मटाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ‘काव्यप्रकाश’ लिहिला. लक्षणा केव्हा मानावी याच्या तीन अटी त्यात आहेत. मूळ अर्थ अडला पाहिजे, म्हणजे मुख्यार्थाचा बाध झाला पाहिजे. नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी काही संबंध पाहिजे. आणि तसे बोलण्याला रूढी तरी हवी किंवा काही प्रयोजन तरी. नळ चालत येत नाही, हा बाध. नळातून पाणी येते, हा संबंध. सगळी गल्ली तसेच बोलते, ही रूढी. अरबीतला करीना आणि संस्कृतातला मुख्यार्थबाध एकाच दाराच्या दोन बाजू आहेत. मम्मट काश्मीरमध्ये लिहीत होता त्याच शतकात कॅस्पियन समुद्राकाठच्या गुरगान शहरात अब्दुल काहिर जुरजानी हाच विषय उकलत बसला होता.

जुरजानीचा एक दाखला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुरआनात हजरत जकरिया आपल्या म्हातारपणाबद्दल बोलताना डोके पांढऱ्या केसांनी पेटल्याचे सांगतात. बहुतेकजण म्हणत, वा, आगीची काय उपमा! जुरजानी म्हणतो, सौंदर्य नुसत्या आगीत नाही, वाक्याच्या रचनेत आहे. ‘डोक्यात पांढरेपणा पेटला’ असे म्हटले असते तर तो कुठेतरी एका बाजूला पेटला असता. ‘डोके पांढरेपणाने पेटले’ म्हटल्यावर एकही काळा केस उरत नाही. ‘घरात आग लागली’ आणि ‘घर पेटले’ यांत जो फरक आहे तोच. हा फरक मराठीतही जसाच्या तसा कळतो, आणि त्यासाठी अरबी यावी लागत नाही.

अलंकाराला शब्दशः धरून चिडवणारेही तेव्हा होतेच. नवव्या शतकातला कवी अबू तम्माम याने एका कवितेत निंदेला पाणी म्हटले. असे सांगतात की एका खोडकराने त्याच्याकडे भांडे पाठवले आणि निरोप दिला, थोडे निंदेचे पाणी यात घालून द्या. अबू तम्मामने उलट निरोप दिला: तुम्ही आधी नम्रतेच्या पंखातले एक पीस पाठवा. कुरआनात आई-वडिलांपुढे नम्रतेचा पंख झुकवायला सांगितले आहे, त्याकडे त्याचा रोख होता. नम्रतेला पंख चालतो, तर निंदेला पाणी का चालू नये? पक्षीण पिलांवर पंख खाली घेते ते चित्र ज्याने पाहिले आहे, त्याला हे पीस मागावे लागत नाही.

रमजानच्या दिवसांत मशिदीतून, घरांतून जे बोलले जाते त्यात अलंकार पावलोपावली आहेत. रोजाला हदीसमध्ये ढाल म्हटले आहे. रोजा आणि ढाल दोन्ही समोर आहेत, तेव्हा हे चक्क रूपक. दिवसभर उपाशी असलेल्याच्या तोंडाला जो दर्प येतो, तो अल्लाहला कस्तुरीपेक्षाही प्रिय आहे, असे दुसरी हदीस सांगते. उपमेय उपमानाहून वरचढ ठरले की मराठीत त्याला व्यतिरेक म्हणतात, आणि व्यतिरेकाचे इतके धीट उदाहरण मराठीच्या पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण. कस्तुरीसमोर चंदन किंवा गुलाब कोणीही ठेवील. इथे ठेवला आहे तो उपाशी माणसाचा श्वास. या महिन्यात सैतान जखडले जातात, हे वचन मात्र शब्दशः घ्यावे की लाक्षणिक, यावर जुन्या भाष्यकारांनी दोन्ही मते नोंदवून ठेवली आहेत.

इथवरचे सगळे वर्गात शिकवून संपण्यासारखे आहे. वर्गाबाहेर गोष्ट एवढी सोपी राहत नाही. गझलेच्या मैफलीत ‘काफिर’ शब्द येतो आणि रसिकांच्या रांगेत एखादा माणूस अस्वस्थ होऊन शेजाऱ्याकडे पाहतो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाने तसा शेर म्हटला की दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन ओळी मोबाइलवर फिरू लागतात, मागचे-पुढचे शेर कापून. म्हणजे नेमका करीनाच कापून.

उर्दू गझलेत काफिर असतो तो प्रियकराला छळणारी प्रेयसी. तिच्या सौंदर्यापुढे त्याचा धर्म डळमळतो, आणि तिला त्याची दया येत नाही, म्हणून ती काफिर. तिला ‘बुत’ही म्हणतात, म्हणजे मूर्ती: देखणी, अबोल आणि दगडाची. ही कवितेची रूढी फारसीतून आली, आणि ती चालवणारे बहुतेक कवी मुसलमान होते. टिंगल व्हायची ती शेख आणि वाइज यांची, म्हणजे मशिदीतल्या उपदेशकांची. शराब, साकी, मैखाना यांचेही तसेच. काही कवी खरेच पीत असत, सगळे नाही. पण गझलेतली शराब कोणत्या बाटलीतली, हे शेर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. एवढे सांगून शब्दाचा काटा निघतोच असे नाही. काफिर हा शब्द शिवीसारखा वापरला गेला आहे, वापरला जातो, आणि ज्याने तो तसा ऐकला आहे त्याला गझलेतही तो टोचला तर नवल नाही. अशा वेळी रूढी समजावून सांगणे हे म्हणणाऱ्याचे काम आहे. ऐकणाऱ्याला अरसिक ठरवणे हे उत्तर नाही.

या शब्दाचे मूळ तर आणखी वेगळ्या रानात आहे. अरबी धातूचा अर्थ झाकणे. सत्य झाकतो तो काफिर, असा धार्मिक अर्थ त्यावरून आला. पण सूरह हदीदमध्ये पावसाने उगवलेल्या पिकावर खूश होणाऱ्यांसाठी याच धातूचा शब्द आला आहे, आणि तिथे बहुतेक भाष्यकार त्याचा अर्थ शेतकरी असा करतात. बी मातीत झाकतो तो.

गालिबचे उदाहरण याहून बोलके आहे. १८२०च्या दशकात दिल्लीहून कलकत्त्याला जाताना तो बनारसला थांबला, गावाच्या प्रेमात पडला आणि त्याने फारसीत ‘चिराग-ए-दैर’ ही मसनवी लिहिली. नावाचाच अर्थ ‘देवळातला दिवा’. तीत त्याने काशीची थोरवी सांगायला उपमान निवडले ते काब्याचे. मुसलमान कवीजवळ याहून मोठे उपमान असू शकत नाही, म्हणूनच ते निवडले. कोणी हे शब्दशः घ्यायचे ठरवले, तर दोन्हीकडचे लोक एकाच वेळी रागावू शकतील. घ्यायचे नाही ठरवले, तर हिंदुस्थानच्या एका तीर्थक्षेत्राला एवढे मोठे मानपत्र दुसऱ्या कोणी दिले असेल का, याचा शोध घ्यावा लागेल.

मराठीला हा खेळ नवा नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघेजण तावातावाने एकमेकांच्या श्रद्धा आणि कथा शब्दशः घेऊन उलटतपासणी करतात, टोमणे मारतात, आणि शेवटी एकमेकांचा मान राखून भांडण मिटवतात. आजच्या कितीतरी वादांची संहिता तीच आहे, फक्त शेवटचे पान फाटलेले. एकनाथांच्याच भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. त्या विंचवावर कोणी मांत्रिक बोलावत नाही. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांच्या ग्रंथाचे नाव ‘योगसंग्राम’. नाव ऐकून तलवारी आठवतील, पण ते युद्ध माणसाच्या आतले, त्याच्या विकारांशी चाललेले आहे. मराठवाड्यातला मुसलमान शेतकरीही जमिनीला काळी आई म्हणतो, आणि त्यामुळे त्याच्या एकेश्वरवादाला धक्का लागला असे त्याला वाटत नाही.

उलट दिशेची चूकही आहे, तिचाही हिशेब मांडला पाहिजे. सगळेच लाक्षणिक आहे म्हणणारे लोक असतात. उपवास म्हणजे मनाचा उपवास, जकात म्हणजे चांगले विचार वाटणे, असे म्हटले की पोटही भरते आणि खिसाही हलका होत नाही. अलंकारशास्त्र अशी सूट देत नाही. मूळ अर्थ अडल्याशिवाय दुसऱ्या अर्थाकडे जायचे नाही, हा मम्मटाचा नियम आणि करीन्याशिवाय मजाज नाही, हा अरबी पंडितांचा नियम इथेही लागू होतो. दोरा क्षितिजावरचा असेल, पण त्यानंतर सोडायचे ते पाणी खरे पाणीच असते.

उर्दू-हिंदीत बऱ्याच दिवसांनी भेटणाऱ्याला ‘ईद का चाँद’ म्हणतात, मराठीत त्याला उंबराचे फूल म्हणतात. रमजानच्या २९व्या संध्याकाळी मात्र गल्लीतली माणसे गच्चीवर जमतात, पश्चिमेकडे बोट दाखवतात आणि एकमेकांना विचारतात, चाँद दिसला का? तेव्हा त्यांना कोणाचा चेहरा नको असतो आणि कोणती उपमाही नको असते. त्यांना खरोखरीचा, नखाएवढा चंद्र पाहायचा असतो. ढग असतील तर शेजारच्या गावातल्या पाहुण्याला फोन करून ते विचारतात, तुमच्याकडे तरी दिसला का?